मागे राहिलेली भावंडे
(नामदेवांच्या समाधी-अभंगांचे एक वाचन)

हिंगोली जिल्ह्यात कयाधू नदीच्या काठी नर्सी हे गाव आहे. संत नामदेवांचे जन्मस्थान म्हणून ते ओळखले जाते आणि लोक त्याला नर्सी नामदेव असेच म्हणतात. काही अभ्यासक जन्मस्थानाचा मान पंढरपूरला देतात. त्या वादात आम्हांला येथे शिरायचे नाही. नामदेवांच्या गाथेत ‘समाधी’ या नावाने ओळखले जाणारे अभंगांचे एक मोठे प्रकरण आहे. आळंदीला ज्ञानदेवांनी संजीवन समाधी घेतली तो प्रसंग आणि त्यानंतर त्यांच्या भावंडांनी एकामागून एक घेतलेला निरोप, असा त्याचा विषय. या अभंगांवर पुष्कळ लिहिले गेले आहे. इतिहासाचा पुरावा म्हणून ते तपासले गेले, योगमार्गाच्या दृष्टीने त्यांचा अर्थ लावला गेला, करुणरसाचे उदाहरण म्हणून ते पाठ्यपुस्तकांतही आले. आम्ही मात्र ते एका निराळ्या आणि साध्या प्रश्नासाठी वाचतो. घरातले एक मूल गेले, तर उरलेल्या मुलांचे काय होते?

एका धर्मगुरूने हा प्रश्न वारकरी संताच्या अभंगांना का विचारावा, असे काही वाचकांच्या मनात येईल. फादर स्टीफन्स यांनी प्रभूचे चरित्र सांगण्यासाठी मराठी ओवी उचलली तेव्हापासून या दोन अंगणांमध्ये येणे-जाणे आहे, एवढे उत्तर आम्हांला पुरेसे वाटते. दुसरे कारण अधिक निकडीचे आहे. मृत बालकाच्या आईबापांसाठी आपल्याकडे प्रार्थना आहेत, प्रवचने आहेत, शेजाऱ्यापाजाऱ्यांचे शब्द आहेत. त्या बालकाच्या भावासाठी वा बहिणीसाठी जवळजवळ काही नाही.

मराठी काव्यातही हीच स्थिती आहे. गोविंदाग्रजांची ‘राजहंस माझा निजला’ आपल्या सर्वांना माहीत आहे. मूल गेले हे मान्यच न करणारी आई तेथे बोलते. पतीचा शोक, पत्नीचा शोक, मित्राचा शोक यांना मराठीत जागा मिळाली. भावंडाचा शोक त्या मानाने मुका राहिला. भाषेतही त्याला नाव नाही. पती गेला तर विधवा, पत्नी गेली तर विधुर, आईबाप गेले तर पोरका. भाऊ गेलेल्या मुलीला काय म्हणावे? आणि तरी हीच भाषा धाकट्या भावाला ‘पाठचा भाऊ’ म्हणते, बहिणीला ‘पाठची बहीण’ म्हणते. पाठीशी कोणी आहे ही जाणीव या शब्दात आहे. ते मूल गेले की दुसऱ्याची पाठ उघडी पडते, हे आपण बोलताना विसरतो.

नामदेव हे विसरले नाहीत. त्यांच्यासमोर जी चार भावंडे होती, त्यांची कथा सर्वांना ठाऊक आहे. विठ्ठलपंत आणि रुक्मिणीबाई यांनी प्रायश्चित्त म्हणून देहत्याग केला तेव्हा ही मुले लहान होती. रूढ मान्यतेप्रमाणे निवृत्तीचा जन्म १२७३ चा, ज्ञानदेवांचा १२७५ चा, सोपानाचा १२७७ चा आणि मुक्ताईचा १२७९ चा. म्हणजे १२९६ च्या कार्तिकात ज्ञानदेव समाधीस बसले तेव्हा निवृत्ती तेवीस वर्षांचे, सोपान एकोणीस आणि मुक्ताई सतरा. आजच्या हिशेबाने मुक्ताई बारावीत असती. देवळातल्या मूर्तींमुळे आणि पोथ्यांमुळे आपल्याला ही मंडळी वयोवृद्ध वाटू लागतात. ती आईबाप नसलेली, एकमेकांना धरून वाढलेली चार पोरे होती.

या प्रकरणातील सर्वांत थोर जागा निवृत्तीच्या शोकाची आहे. निवृत्ती हा थोरला भाऊ, शिवाय गुरू. ज्ञानाने शोक जिंकावा असे ज्याच्याबद्दल अपेक्षिले जाते तोच तो माणूस. नामदेव त्याला सुटका देत नाहीत. त्याच्या तोंडी त्यांनी ज्या उपमा घातल्या आहेत त्या बांध फुटून पाणी वाट फुटेल तिकडे गेलेल्या तळ्याच्या, आळा सुटून रानभर पांगलेल्या पेंढीच्या, हरिणीवाचून दाही दिशांना भटकणाऱ्या पाडसांच्या आहेत. त्या नीट पाहाव्यात. एकाही उपमेत गेलेल्या भावाचे वर्णन नाही. तो किती सुंदर होता, किती ज्ञानी होता, हे निवृत्ती सांगत नाही. तो सांगतो की आमचे बांधलेपण गेले. पेंढीतली काडी न् काडी अजून आहे. आळा तेवढा नाही. घरातले एक मूल जाते तेव्हा उरलेल्यांच्या बाबतीत नेमके हेच घडते. मधला गेला तर थोरला आणि धाकटा यांच्यातला दुवा जातो. थोरला गेला तर धाकटा एका दिवसात थोरला होतो, आणि ते थोरलेपण त्याने मागितलेले नसते. खळे आणि शेत पाहिलेल्या माणसाला ही उपमा समजावून सांगावी लागत नाही. आमच्या भागातील सोयाबीन कापणाऱ्या कुटुंबाला तर नाहीच नाही.

याच ओघात निवृत्ती आणखी एक गोष्ट बोलून जातो. आईवडील सोडून गेले तेव्हाही असे संकट वाटले नव्हते, असा त्याच्या म्हणण्याचा आशय आहे. टीकाकारांनी या उद्गाराकडे अतिशयोक्ती म्हणून पाहिले तर ती चूक ठरेल, असे आमचे मत आहे. आईबाप गेले तेव्हा ते चौघे होते. चौघांनी मिळून ते दुःख वाटून घेतले. आता ज्याच्याबरोबर दुःख वाटून घ्यायचे तोच गेला. भावंडाच्या मृत्यूचे हे वेगळेपण इतक्या नेमकेपणाने सांगणारी दुसरी जागा आम्हांला मराठीत माहीत नाही.

याउलट आपल्या दफनविधीच्या वेळी काय बोलले जाते ते आठवावे. देवाला आपल्या बागेसाठी सुंदर फूल हवे होते म्हणून त्याने ते खुडून नेले. देवाला आणखी एक देवदूत हवा होता. अशा वाक्यांचा हेतू चांगला असतो, मोठ्यांना त्यांनी क्षणभर आधारही मिळत असेल. पण शवपेटीजवळ उभी असलेली आठ वर्षांची बहीण ही वाक्ये जशीच्या तशी ऐकते. तिच्या दृष्टीने देव हा दुसऱ्याच्या अंगणातले फूल खुडणारा आहे, आणि तिचा नंबर केव्हा लागेल हे तिला माहीत नाही. निवृत्तीच्या उपमांत देवावर असा आळ येत नाही. नामदेवांचा पांडुरंग काही चोरून नेत नाही. तो स्वतः तेथे हजर राहतो. एका बाजूने देव आणि दुसऱ्या बाजूने निवृत्ती, असे दोघे ज्ञानदेवांचे हात धरून त्यांना समाधीस्थानापर्यंत नेतात. आपला देव कोठे असतो हे चित्रित करताना प्रवचनकारांनी या एका जागेचा अभ्यास करावा.

पुढे देवाला बाहेर आणून समाधीवर शिळा ठेवतो तोही निवृत्तीच. हे काम दुसऱ्या कोणावर सोपवलेले नाही. जागा झाडून तयार करायला नामदेवांची मुले पाठवली गेली, असाही उल्लेख या अभंगांत आहे. म्हणजे तरुण हातांना काम आहे, आणि शेवटचे काम भावाच्या हाताला आहे. आमच्या गावांत मूल दगावले की भावंडांना त्याच दिवशी मावशीकडे किंवा आत्याकडे पाठवून देण्याची रीत आहे. ‘त्याला कशाला दाखवायचे, लहान आहे’ असे म्हटले जाते. चार दिवसांनी ते मूल परत येते तेव्हा घरात एक खाट कमी झालेली असते, दप्तर नाहीसे झालेले असते, आणि कोणी काही बोलत नाही. मूठमाती देणे हा शब्द आपल्या भाषेत आहे. ती मूठ भावंडाचीही असू शकते. त्याला ओढून नेऊ नये, पण यायचे आहे का, असे विचारावे. आणि यायचे असेल तर तेथे काय दिसेल हे आधी सांगून, एखाद्या मोठ्या माणसाने त्याचा हात धरून उभे राहावे. दफनात पेटी खाली सोडली जाते, वरून माती पडते, तिचा आवाज होतो. हे सगळे आधी सांगितलेले मूल फारसे घाबरत नाही, असा आमचा अनुभव आहे.

येथे आपल्या चर्चच्या एका जुन्या नियमाची आठवण होते. १६१४ च्या रोमन विधिग्रंथात लहान बालकांच्या दफनाचा स्वतंत्र विधी आहे. त्यात शोकाची घंटा वाजवू नये, वाजवायचीच तर सणाच्या सुरात वाजवावी, असे सांगितले आहे. स्नानसंस्कार झालेले निष्पाप बालक स्वर्गात गेले या श्रद्धेला हे धरूनच आहे. सेमिनरीत आम्ही तो भाग वाचला तेव्हा त्यातील सौंदर्य जाणवले होते. आज विचार येतो तो वेगळा. ती आनंदाची घंटा ऐकणाऱ्या भावाला आपले रडू देवाच्या इच्छेविरुद्ध आहे असे वाटले असेल काय? श्रद्धा बरोबर होती. ती ऐकणारा कोण, हे विधी लिहिणाऱ्यांच्या नजरेत नव्हते.

शिळा ठेवल्यानंतरच्या एका चरणावर आम्हांला थांबायचे आहे. सोपान आणि मुक्ताई जमिनीवर देह टाकतात, आणि त्याच क्षणी हाक उठते की निवृत्तीला सावरा. ही हाक कोणाची? जमलेल्या संतांची म्हणावी, तर पडलेल्या दोघांना सोडून सर्वांचे लक्ष थोरल्याकडे गेले असा अर्थ होतो. सोपान आणि मुक्ताईची म्हणावी, तर स्वतः कोसळत असताना ती दोघे थोरल्याची काळजी वाहत आहेत. चरणाची रचना दोन्ही अर्थांना वाव देते आणि दोन्ही अर्थ खरे आहेत. दुःखाच्या घरी येणारा प्रत्येक जण मुलाला विचारतो, ‘आई कशी आहे? आईकडे लक्ष दे हं.’ ‘तू कसा आहेस?’ असे त्याला कोणी विचारत नाही. आणि ते मूलही आईसमोर रडायचे टाळते, कारण आपण रडलो की ती अधिक रडते हे त्याने पाहिलेले असते. मग लोक म्हणतात, पोरगा धीराचा आहे.

हे अभंग सगळेच नामदेवांचे आहेत काय, असा प्रश्न अभ्यासकांनी उपस्थित केला आहे. गाथेत विष्णुदास नामा आणि इतर नंतरच्या ‘नाम्यां’च्या रचना मिसळल्या आहेत हे आता सर्वमान्य आहे. आमच्या वाचनाला त्याने बाध येत नाही. ज्याने ही जागा लिहिली त्याने भावंडांना रडताना पाहिले होते.

आता या प्रकरणाचा दोष. तो सांगितल्यावाचून त्याची योग्यता सांगणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. ज्ञानदेवांच्या पाठोपाठ महिन्याभरात सोपान सासवडला समाधी घेतो. वैशाखात तापीच्या काठी विजेच्या कडकडाटात मुक्ताई नाहीशी होते. ज्येष्ठात निवृत्ती त्र्यंबकेश्वरी समाधिस्थ होतो. कार्तिकापासून ज्येष्ठापर्यंत आठ महिन्यांच्या आत चौघेही गेले. परंपरेने यात परमार्थाची परिपूर्ती पाहिली आणि त्या श्रद्धेचा आम्ही आदर करतो. परंतु साहित्य म्हणून वाचताना एक उणीव डोळ्यांत भरते. निवृत्तीचा शोक ज्या बारकाईने आला, त्या बारकाईने या तिघांना ‘तुम्ही राहा’ असे म्हणणारा आवाज येत नाही. पुढचे निरोप एकामागून एक उरकले जातात. सतरा वर्षांच्या मुलीच्या जाण्याला वीज आणि तेज मिळाले. तिच्या मधल्या महिन्यांतल्या दिवसांना कोणी शब्द दिले नाहीत.

आणि ही तीच मुक्ताई, जिने ताटीचे अभंग म्हटले. लोकांच्या बोलण्याने दुखावून ज्ञानदेव झोपडीची ताटी लावून आत बसले, तेव्हा धाकट्या बहिणीने बाहेर उभे राहून त्यांना समजावले, त्यांचा राग ओसरवला, ताटी उघडायला लावली. सांत्वन कसे करावे याचा हा मराठीतला आदर्श पाठ आहे: दार फोडायचे नाही, दारातून निघून जायचे नाही, बोलत राहायचे. ज्ञानदेव गेल्यावर मुक्ताईनेही मनाची ताटी लावली असणार. त्या ताटीबाहेर उभे राहून कोणी अभंग म्हटल्याची नोंद नाही.

आमच्या या आक्षेपाला केवळ वाङ्मयीन कारण नाही. आमच्या धर्मशिक्षणाच्या वर्गात एका मुलाने विचारले होते, ‘स्वर्ग इतका चांगला आहे तर आपण दादाकडे केव्हा जायचे?’ हा प्रश्न ऐकून हसू नये आणि घाबरून त्याला गप्पही करू नये. लहान मुलाला बहुधा भावाची भेट हवी असते, मरण नको असते. परंतु मोठा मुलगा किंवा मुलगी असे पुन्हा पुन्हा म्हणू लागली, खाणे-झोपणे सुटले, आपल्या वस्तू वाटून टाकू लागली, तर ते भक्तीचे लक्षण समजू नये. त्याला एकटे न सोडता त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे. स्वर्गाविषयी बोलताना पृथ्वीवर त्याची गरज आहे, हेही तेवढ्याच स्पष्ट शब्दांत सांगायला हवे.

योहानच्या शुभवर्तमानातील अकरावा अध्याय आम्ही या अभंगांशेजारी ठेवून वाचतो. तेथेही आईबापांचा उल्लेख नसलेले घर आहे, दोन बहिणी आणि गेलेला भाऊ आहे. मार्था प्रभूला तोंडावर बोलते की तू वेळेवर आला असतास तर हे झाले नसते. मरियाही तेच म्हणते. प्रभू दोघींपैकी एकीलाही रागावत नाही. मार्थेशी तो श्रद्धेविषयी बोलतो, मरियेला रडताना पाहून तो स्वतः रडतो. दोन बहिणी, दोन स्वभाव, दोन प्रकारचे सांत्वन. एकाच घरातली दोन मुले सारखीच दुःखी होतील असे धरून चालणाऱ्या आईबापांनी येथे थांबून पाहावे. एक कबरीवर जायचा हट्ट धरील, दुसरे क्रिकेट खेळायला जाईल. खेळायला गेलेल्याचे प्रेम कमी असते असे नाही.

वयाचाही फरक असतो. हंगेरीच्या मारिया नॉज यांनी १९४८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तीन ते दहा वर्षांच्या मुलांची मृत्यूविषयीची समजूत तपासली होती. पाच वर्षांखालच्या मुलांना मृत्यू हे परत येण्याजोगे जाणे वाटते, आणि तो अटळ व सर्वांसाठी आहे हे साधारण नऊ वर्षांनंतर उमगते, असे त्यांना आढळले. नंतरच्या संशोधकांनी तपशिलांत दुरुस्त्या केल्या. मुख्य गोष्ट टिकली. म्हणून चार वर्षांच्या मुलाला ‘बाळ झोपले आहे’ असे सांगू नये. ते रात्री झोपायला घाबरते. ‘गावाला गेले’ असेही सांगू नये. ते वाट पाहत बसते.

याहून खोल जागा अपराधाची आहे. पवित्र शास्त्रातला पहिला मृत्यू भावाचा आहे, आणि तो भावाच्या हातून आहे. मागे राहिलेल्या बहुतेक मुलांच्या मनात एक छोटा काईन लपलेला असतो. परवा आपण त्याला ढकलले होते, बॅट दिली नव्हती, ‘मर जा’ म्हटले होते. मुलांच्या तोंडी हे शब्द सहज असतात. त्यानंतर ताप आला, साप चावला किंवा विहिरीत पाय घसरला, आणि मुलाने मनाशी हिशेब जुळवला. हा हिशेब ते कोणाला सांगत नाही. म्हणून विचारण्याची वाट न पाहता त्याला सांगावे लागते: तुझ्या बोलण्याने, तुझ्या भांडणाने हे झाले नाही. एकदा सांगून भागत नाही.

काईनाइतकाच बेंजामिनही आठवावा. योसेफ मेला असे समजून याकोबाने सांत्वन नाकारले, आणि उरलेल्या बेंजामिनला तो नजरेआड होऊ देईना. दुष्काळात सगळे भाऊ धान्यासाठी मिसर देशात गेले, बेंजामिनला त्याने घरी ठेवले. पुढे यहूदा सांगतो की बापाचा जीव या मुलाच्या जिवात गुंतला आहे. पित्याचे प्रेम म्हणून हे वाचताना डोळे भरतात. बेंजामिनच्या बाजूने वाचले तर श्वास कोंडतो. विहिरीवर जाऊ नको, सायकल नको, सहलीला नको. शिवाय ‘तो असता तर पहिला आला असता’ ही तुलना. गेलेले मूल कधी चुकत नाही. जिवंत मूल त्याच्याशी स्पर्धा कशी करणार?

संत बर्नार्ड यांचे उदाहरण मोठ्यांसाठी द्यावेसे वाटते. त्यांचा सख्खा भाऊ जेरार्ड त्यांच्याच मठात होता. ११३८ मध्ये तो गेला. बर्नार्डनी दफनविधी कोरड्या डोळ्यांनी पार पाडला. नंतर गीतरत्नावरील प्रवचनमालेतील सव्विसावे प्रवचन देताना मध्येच विषय सुटला आणि बांध फुटला. उरलेले प्रवचन भावाचा विलाप झाले. त्यांनी ते तसेच लिहून ठेवले. मठाधिपतीला, चर्चच्या आचार्याला जे साधले नाही ते दहा वर्षांच्या मुलाने साधावे अशी अपेक्षा आपण करू नये. दुःख दफनाच्या दिवशी बाहेर पडलेच पाहिजे असे नाही. सहा महिन्यांनी गणिताच्या तासाला पडेल.

बाळ येशूच्या संत तेरेजाचे घर याहून वेगळे. मार्टिन दांपत्याच्या नऊ मुलांपैकी चार लहानपणीच गेली, तीही तेरेजाचा १८७३ साली जन्म होण्यापूर्वी. १८७० मध्ये दगावलेल्या एका बहिणीचे तेरेज हे नाव तिला मिळाले. मृत मुलाचे नाव पुढच्या मुलाला देण्याची चाल आपल्याकडेही आहे आणि ती आम्हांला फारशी आवडत नाही. पुढचे मूल दुसऱ्याच्या जागेवर बसून वाढते. पण त्या घरात गेलेल्यांची नावे घेतली जात. म्हणूनच वयाच्या तेराव्या-चौदाव्या वर्षी शंकाकुशंकांनी मन पोखरले, आणि जिला सगळे सांगायचे ती मोठी बहीण मठात गेली, तेव्हा तेरेजाने कधी न पाहिलेल्या या चार भावंडांना हाक मारली आणि तिला शांती मिळाली. संतांचा सहवास ही श्रद्धा आपण दर रविवारी उच्चारतो. भावंडांच्या नात्यात ती अशी काम करते. त्यासाठी घरात नाव घेतले जावे लागते, फोटो भिंतीवर असावा लागतो, २ नोव्हेंबरला कबरीवर मेणबत्ती लावायला मुलेही बरोबर असावी लागतात.

शाळेत नव्या बाईंनी ‘तुम्ही भावंडे किती?’ असे विचारले की असे मूल अडखळते. दोन म्हणावे की तीन? दोन म्हटले तर भावाशी दगा, तीन म्हटले तर पुढचा प्रश्न. याचे उत्तर घरात आधी ठरलेले बरे.

नामदेव स्वतः मागे राहिले. ज्ञानदेवांच्या समाधीनंतर ते चोपन्न वर्षे जगले, पंजाबात घुमानपर्यंत गेले, तेथील लोकांत राहिले. त्यांची पदे गुरु ग्रंथ साहिबात आहेत. त्या भावंडांची आठवण त्यांनी सोडली नाही. आजही वारीची दिंडी निघते तेव्हा त्या घरची नावे एका श्वासात घेतली जातात. आधी गेलेला कोण आणि मागे राहिलेला कोण, असा भेद त्यात केला जात नाही. निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान, मुक्ताबाई. भावंडे चार.